दाराजवळची खुर्ची

१

दुपारी दोन ते पाच ही आमची कामाची वेळ. दोनला पाच मिनिटं असताना मी खोलीचे पडदे ओढून घेतो. ताई स्वयंपाकघरातून दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन येते. अकरा पावलं सरळ, मग डावीकडे तीन. कप टेबलावर ठेवते, आपल्या खुर्चीत बसते आणि म्हणते, "हं कारकुना, लाव."

ताईला दिसत नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण तिला घरात चालताना पाहून कोणाच्या ते लक्षात येत नाही.

अंध प्रेक्षकांसाठी सिनेमांचं वर्णन लिहिणं हा माझा धंदा. स्टुडिओ सिनेमा पाठवतो. पात्रं गप्प असतात त्या फटींमध्ये बसतील अशी वाक्यं मी लिहितो आणि माझ्याच आवाजात वाचतो. चार सेकंदांच्या फटीत नऊ शब्द मावतात; दहावा नटाच्या बोलण्यावर सांडतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी ताईची नजर गेली, तेव्हा तिच्या शेजारी बसून टीव्हीवर काय चाललंय ते मी सांगू लागलो, आणि सांगता सांगता हात बसला. आजही प्रत्येक वर्णन आधी ती ऐकते. तिला कळलं नाही तर वाक्य बदलायचं. इतकी खवचट प्रेक्षक कोणाच्या नशिबी नसेल.

ताई शिवणकाम करायची. तिच्या हातचा कोट लोक दहा-दहा वर्षं वापरायचे. नजर गेल्यानंतरचं पहिलं वर्ष मात्र ती घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालली. दारापासून खिडकीपर्यंत तिच्या हाताची एक मळकट रेघ उमटली होती. ती रेघ पाहिली की मला जेवण जायचं नाही. शेवटी एक दिवस मी तिला म्हटलं, "ताई, हे घर मी तुला तोंडपाठ करून देतो. जे आहे ते सांगेन, जे नाही ते सांगणार नाही, आणि काही जागचं हललं तर आधी तुला कळेल." मग प्रत्येक टेबल, खुर्ची, स्टूल कुठे असणार ते ठरवलं आणि पायांभोवती फरशीवर पेन्सिलीने खुणा केल्या. दोन महिन्यांनी ताईने भिंत सोडली. मी ती भिंत रंगवून घेतली. आयुष्यात मी केलेलं मोठं काम एवढंच, आणि तेवढ्यावर मी खूश आहे.

कामाच्या खोलीत तीन खुर्च्या आहेत. दोन पडद्यासमोर, आमच्या. तिसरी मागे, दाराजवळ भिंतीला लागून, पाहुण्यांसाठी. तिच्यावर जाड स्पंजची गादी आहे. पाहुणे फारसे येत नाहीत.

२

त्या महिन्यात आला तो एका म्हाताऱ्या तपास अधिकाऱ्याचा सिनेमा. एकशे अठरा मिनिटं. निवृत्तीला तीन आठवडे राहिलेत, गुडघे कुरकुरतात, बायको कधीच गेलेली, आणि वीस वर्षांपूर्वी हातातून निसटलेला खुनी पुन्हा माणसं मारू लागलाय. म्हाताऱ्याची एक सवय मला आवडली. खून झालेल्या खोलीत तो सगळ्यांना बाहेर काढतो, एक खुर्ची ओढतो आणि तासभर नुसता बसून राहतो. वरिष्ठ चिडतात, तरुण अधिकारी हसतात. तो बसतो. अशा वेळी सिनेमा लांबच लांब गप्प होतो, आणि ती सगळी शांतता माझ्या वाट्याला येते.

खुनी कोण, ते इथेही सांगणार नाही. या धंद्याची पहिली शिस्त ती. मला माहीत असतं. पण सिनेमाने सांगण्याआधी माझ्या आवाजातूनही ते फुटता कामा नये.

पहिल्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं ऐकलं. दुसरा खून, मेलेल्या माणसाचं स्वयंपाकघर, म्हातारा बसलेला. मी वाचलं, "तो टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो. नळाकडे बघतो."

"थांबव," ताई म्हणाली. "तो दुसरा कोण?"

"दुसरा कुठला?"

"बसलाय तो. मागे. म्हातारा बसला, मग हा बसला. तू सांगितलाच नाहीस."

मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. म्हातारा एकटा होता. टेबल, नळ, फडकं, भिंत. "एकटाच आहे गं."

"मग कोटाचा आवाज कोणाचा?"

"त्याचाच. त्याच्या अंगात कोट आहे."

"त्याच्या कोटाला अस्तर आहे, ते सळसळतं. हे बिनअस्तराचं जाड कापड आहे, घासतं. मला कापड शिकवतोस होय?" ती हसली. "नीट बघ. चष्मा पूस."

मी चष्मा पुसला. आमच्याकडे पुढे दोन आणि मागे दोन असे चार स्पीकर आहेत, थिएटरसारखे. त्यामुळे मागून आवाज आला यात नवल नव्हतं. वहीत लिहिलं: मिनिट ३७, स्वयंपाकघर, ताईला जास्तीचा माणूस ऐकू येतो. तपासणे.

३

त्या संध्याकाळी मी ते दृश्य चौकट-चौकट करून पाहिलं. मला वाटलं, दिग्दर्शकाने खुन्याला मागच्या अंधारात कुठेतरी लपवलं असणार. असं करतात. मग माझी पंचाईत होते: सांगितलं तर गुपित फुटतं, न सांगितलं तर डोळसांना मिळालेली संधी अंधांना नाकारल्यासारखं होतं. या विचाराने मला बरंच वाटलं. ही अडचण माझ्या ओळखीची होती. पण मागे कोणी नव्हतं. अंधारही नव्हता, पांढऱ्या फरशा होत्या.

सकाळी स्टुडिओतल्या मिक्सरला फोन केला. हा सिनेमाचे सगळे आवाज एकत्र बसवणारा माणूस. बोलतो नेहमी खाता खाता.

"सदतीसाव्या मिनिटाला मागच्या स्पीकरमध्ये काय टाकलंय?"

"मागे? काही नाही साहेब. मागे फक्त पाऊस आणि मोटारी, आणि त्या सीनला दोन्ही नाहीत."

"कोणाचा श्वास? कापडाची घसट?"

"अहो, तो सीन मी स्वतः साफ केलाय. म्हाताऱ्याचं पोट वाजलं होतं, तेसुद्धा काढलं." तो चावायचा थांबला. "ताईंनी ऐकलं का?"

"हो."

"मग एकदा बघतो परत. ताईंच्या कानांशी भांडण नको. मागच्या वेळी त्यांनी आमच्या एसीचा आवाज पकडला होता."

तासाभराने त्याचा निरोप आला. मागचे दोन्ही ट्रॅक कोरे होते.

४

पुढच्या तीन दुपारी ताईने त्याला सहा वेळा ऐकलं. मी वेळा लिहून ठेवल्या. तो कायम लांबच्या शांततेत यायचा, मी वाचत असताना. बंदुका सुटल्या, पाठलाग झाला, वरिष्ठ आणि म्हातारा कडाकडा भांडले. तेव्हा तो नसायचा, किंवा ऐकू येत नसायचा.

"नाकाने श्वास घेतो," ताई सांगायची. "तू वाचायला लागलास की श्वास धरतो. वाचून झालं की सोडतो."

"तो माझाच श्वास असेल."

"तुझा मी जन्मापासून ऐकतेय. तू शिट्टी वाजवल्यासारखा घेतोस."

सातव्या वेळी मी तिला हेडफोन लावायला दिले आणि तोच तुकडा तीनदा चालवला.

"आहे का?"

"नाही."

"आता?"

"आता नाही. गेला बाबा."

मी हेडफोन काढून घेतले, वायर नीट गुंडाळली. वायर मी कायम आठाच्या आकारात गुंडाळतो; त्या दिवशी तिला गाठ बसली. गोष्ट सरळ होती. आवाज सिनेमात असता तर हेडफोनमध्ये आला असता. म्हणजे तो सिनेमात नव्हता.

"काय निघालं तुझ्या टेस्टमध्ये?" ताईने विचारलं.

"मागचे स्पीकर खराब झालेत," मी म्हटलं. "बदलून घेऊ."

तिने मान हलवली आणि रिकामे कप घेऊन निघाली. तीन पावलं उजवीकडे, अकरा सरळ. मी ती मोजत राहिलो. शेजारची पाण्याची मोटर, भिंतीतले पाइप, फ्रिज, सगळं मी यादीत घातलं आणि एकेक बंद करून ऐकलं. चांगली यादी होती. तिच्यात कापडाचा आवाज करणारं एकही यंत्र नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी खोली झाडताना दिसलं की दाराजवळची खुर्ची खुणेच्या चार बोटं पुढे आहे. बसताना माणूस ती जराशी पुढे ओढून घेतो, तशी. मी ती पेन्सिलीच्या खुणेवर परत बसवली.

ताईला सांगितलं नाही.

काही हललं तर आधी तुला कळेल, असं मी तिला म्हटलं होतं, आणि दहा वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं. पण खुर्ची तर आता जागेवर होती. जे जागेवर आहे त्याबद्दल काय सांगायचं? असा युक्तिवाद मी केला, आणि तो मला पटलासुद्धा.

त्या दुपारी कामानंतर ताई आत गेली आणि मी हिशोबाची पत्रं टाकायला पोस्टात जाऊन आलो. दार उघडलं तेव्हा ती चष्म्याचं घर घ्यायला खोलीत येत होती. काळा चष्मा ती बाहेर जाताना लावते. आम्ही बागेत जाणार होतो. ती नेहमीसारखी भरभर आली, आणि तिचा गुडघा दाराजवळच्या खुर्चीवर आपटला. ती पुन्हा खुणेच्या पुढे आली होती.

फार लागलं नाही. ती ओरडलीही नाही. नुसती थांबली. मग तिचा डावा हात वर उठला, हवेत चाचपडला आणि भिंतीला टेकला. तीन पावलं ती भिंतीला हात लावून चालली.

दहा वर्षांनी मी ते पाहिलं.

"कोणी सरकवली रे?"

"मीच. झाडताना."

"तू?" ताई म्हणाली. गुडघा चोळत पुन्हा म्हणाली, "तू?"

आम्ही बागेत गेलो. ऊन छान होतं. फाटकापाशी बसलेल्या फुगेवाल्याची टर उडवली, शेंगदाणे खाल्ले. माझ्या मनात एकच होतं. खरं सांगितलं तर ही उद्यापासून भिंत सोडणार नाही. आणि नाही सांगितलं तर पुन्हा आपटेल. कसंही केलं तरी मी तिला दिलेलं घर तिच्या हातून जात होतं.

६

शेवटचा तुकडा राहिला होता. म्हाताऱ्याला खुनी सापडतो तो असा: तो खुन्याच्याच घरी जातो, रिकाम्या खोलीत खुर्ची ओढतो आणि बसतो. चार मिनिटं दहा सेकंद एकही संवाद नाही. संगीत नाही. खिडकीतला उजेड भिंतीवरून सरकतो, एवढंच. मग दाराची मूठ फिरते.

ही चार मिनिटं दहा सेकंद मी महिनाभर जपून लिहिली होती. ताईने कप ठेवला. मी वाचू लागलो.

"तो बसतो. पाय पसरतो. उजवा बूट ढिला करतो." फट. "समोर पलंग. चादर ताणून घातलेली." फट.

पहिल्या मिनिटाला मलाही ऐकू आलं. मागे कोणीतरी श्वास सोडला. माझा नव्हता, मी शिट्टी वाजवल्यासारखा घेतो. मी पडद्यावरची नजर काढली नाही. वाचणं थांबवलं असतं तर ताईला कळलं असतं, आणि का कोण जाणे, मागच्यालाही थांबलेलं आवडलं नसतं असं वाटलं.

"उजेड पलंगावरून उतरतो. म्हातारा डोळे मिटतो." मागे श्वास धरला गेला. "जिन्यावर कोणी नाही." मी त्या वाक्याचा स्वर जसा ठरवला होता तसाच ठेवला. मला त्याचा आजही अभिमान वाटतो. "तो डोळे उघडतो. दाराची मूठ फिरते."

पडदा काळा झाला, नावं वर सरकू लागली. मागे कापड घासलं.

"वर्णन कर," ताई म्हणाली.

"नावं येतायत. दिग्दर्शक..."

"सिनेमाचं नाही. मागचं."

मी वळलो. दाराजवळच्या खुर्चीवर कोणी नव्हतं. ती चार बोटं पुढे होती. तिच्यावरची स्पंजची गादी मधोमध खोल दबलेली होती, आणि मी बघत असताना ती हळूहळू, जसा स्पंज सुटतो तशी, वर येत होती.

सरळ उत्तर माझ्या तोंडात होतं: खुर्ची आहे, रिकामी आहे. त्यातला एक शब्दही खोटा ठरला नसता. पण ताईने गुडघ्यावर हात ठेवला होता, आपटलेल्या गुडघ्यावर.

"खुर्ची पुढे आलीय," मी म्हटलं. "चार बोटं. कोणी नाही. गादी दबलीय. आता वर येतेय." आणि गादी पूर्ण सपाट झाल्यावर, "आली."

"हं. उठला." ताईने चहाचा घोट घेतला. "मला हेडफोनच्या दिवशीच कळलं होतं. तुला वाटलं, तूच माझी टेस्ट घेतोयस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू घाबरला असतास. तुझं नवीन लग्न झाल्यासारखं छान चाललं होतं त्या म्हाताऱ्याबरोबर." ती हसली, आणि तिचं हसणं खरं होतं. "पुढे सांग. अजून काय आहे?"

मग मी पडदे उघडले, आणि उन्हात ते दिसलं. "भिंतीवर रेघ आहे," मी म्हटलं. "मळकट. दाराच्या चौकटीपासून खुर्चीच्या पाठीपर्यंत."

"मी लावला होता ना हात?"

"तुझी खाली आहे. ही वर आहे."

"किती वर?"

मी जवळ गेलो. "माझ्या डोळ्यांपाशी."

ताईची बोटं मांडीवर हलत होती, कापड जोखल्यासारखी.

"मलाही आधी कळत नव्हतं," ती म्हणाली. "हात असा छातीशी धरायचा, आणि पूर्ण पंजा टेकायचा. नंतर त्या चालायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, कमरेपाशी धरा, बोटांची पाठ लावा." तिने कप खाली ठेवला. "नवीन आहे रे बिचारा. ऐकायला येतो."

छातीशी धरलेला हात माझ्या डोळ्यांपाशी येत असेल, तर उंची किती, हे गणित मी वहीत मांडलं नाही.

७

वर्णन मंजूर झालं. मिक्सरने फोनवर सांगितलं, शेवटची चार मिनिटं ऐकताना त्याने हातातला वडासुद्धा खाली ठेवला. यापेक्षा मोठी पावती मला मिळालेली नाही.

आता एक विनोदी सिनेमा आहे, दोन जुळ्या भावांचा. दाराजवळच्या खुर्चीची खूण मी चार बोटं पुढे नेली आणि ताईला सांगितलं. तिने दोनदा चालून पाहिलं, तिसऱ्यांदा कप घेऊन आली. भिंतीला हात लावला नाही. वाचताना मी थोडा आवाज मोठा ठेवतो. ताई म्हणते, तो एकदा हसला. मी ऐकलं नाही. घरात सगळं व्यवस्थित चाललंय, आणि ही नोंद मी समाधानानेच करतोय.

फक्त तपशिलासाठी: भिंत मी दर सोमवारी ओल्या फडक्याने पुसतो. पहिल्या सोमवारी रेघ चौकटीपासून खुर्चीपर्यंत पूर्ण उमटलेली होती. दुसऱ्या सोमवारी ती निम्मीच होती, आणि कमरेपाशी उतरली होती. या सोमवारी भिंत स्वच्छ होती. गादी मात्र रोज दबते.

मी ताईला तसं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"सोडली त्याने भिंत!" ताई म्हणाली. तिला इतका आनंद झाला की ती उठून उभी राहिली. "किती दिवस लागले? वीस? मला तर दोन महिने लागले होते. घर पाठ झालं बघ त्याला."

"हो," मी म्हटलं. "झालं."

मग ती कप घेऊन निघाली. तीन पावलं उजवीकडे, अकरा सरळ. मी माझ्या सवयीने मोजली. ती थांबल्यावरही पावलं ऐकू येत होती, आणि मी मोजत राहिलो.